मालकाच्या वहीत गुलामाचं आयुष्य कसं सापडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: गुलाम म्हणून जगलेल्या बहुतेक माणसांना अक्षरओळख नव्हती. जे कागद उरले ते मालकांचे, व्यापाऱ्यांचे, सरकारचे. मग त्यांच्या आयुष्याबद्दल इतिहासकार जे छातीठोकपणे सांगतात त्यात पुरावा किती आणि अंदाज किती? त्याला जोडून दुसरा प्रश्न: काही मालक गुलामांना घरच्यासारखं वागवत असं वाचलं, ते खरं का?

गेली बरीच वर्षं मी हेच कागद वाचत आलो आहे. दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच वहीत मिळतात, म्हणून एकत्रच लिहितो.

फ्रेडरिक डग्लस हे नाव तुम्ही ऐकलं असेल. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये तो गुलाम म्हणून जन्मला, १८३८ मध्ये पळाला, पुढे गुलामगिरीविरुद्धचा सर्वांत मोठा वक्ता झाला. त्याला आपली जन्मतारीख शेवटपर्यंत कळली नाही. घोड्याला जितकं आपलं वय माहीत असतं तितकंच गुलामाला असतं, अशा अर्थाचं त्याने आत्मकथनात लिहून ठेवलंय. आपण १८१७ चे असू असा त्याचा हिशेब होता. १८९५ मध्ये तो गेला. त्यानंतर अनेक दशकांनी त्याचा पहिला मालक अॅरन अँथनी याची वही अभ्यासकांच्या हाती लागली. तीत हॅरिएटचा मुलगा फ्रेडरिक ऑगस्टस याच्या जन्माची नोंद होती, फेब्रुवारी १८१८ ची. म्हणजे मालकाला माहीत होतं, मुलाला नव्हतं.

अँथनीने ही नोंद मायेपोटी केली नव्हती. मालमत्तेत भर पडली की वहीत ओळ पडायची, तशी ती पडली. पण त्या एका ओळीतून आईचं नाव, मुलाचं नाव आणि महिना हाती लागतो. मागच्या-पुढच्या ओळी जुळवल्या की आजी, मावश्या, भावंडं, कोण कोणत्या साली गेलं, हेही निघतं. डग्लसच्या घराण्याच्या पाच पिढ्या अशाच जुळवल्या गेल्या आहेत, आणि त्यासाठी वापरलेले कागद बहुतांशी मालकांचेच होते.

म्हणून कागद कुणाचा आहे यापाठोपाठ मी लगेच पाहतो तो कशासाठी लिहिला गेला. जमाखर्चाच्या कागदावर खोटं बोलण्याचं कारण वेगळं असतं आणि आठवणी लिहिताना वेगळं. मळ्याच्या वहीत मालक माणसाची किंमत जाणूनबुजून चुकीची लिहीत नाही, कारण त्याचं कर्ज आणि तारण त्यावर उभं असतं. तोच मालक म्हातारपणी आठवणी लिहितो तेव्हा मात्र सगळे गुलाम सुखी असतात.

अशी एखादी यादी समोर धरा. मालक मेला की वारसांसाठी मालमत्तेची मोजदाद व्हायची. नाव, वय, काम, किंमत. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला मोठी रक्कम, सुताराला किंवा लोहाराला त्याहून जास्त, दोन वर्षांच्या बाळाला थोडी. यादीच्या तळाशी एखादी म्हातारी आणि तिच्यासमोर शून्य. कधीकधी शून्याच्याही खाली, म्हणजे तिला पोसण्याचा खर्च वजा धरलेला. आता नावं बघा. मालकाने ठेवलेली सीझर, पाँपी, केटो अशी रोमन नावं, थट्टेने ठेवलेली, जशी कुत्र्यांची ठेवतात. त्यांच्या मधूनच कफी, क्वाको, फिबा ही नावं डोकावतात. ही पश्चिम आफ्रिकेतली अकान भाषेतली वारावरून पडलेली नावं आहेत. फिबा म्हणजे शुक्रवारी जन्मलेली मुलगी. ती मालकाने सुचवलेली असण्याची शक्यता कमी. आणि एकाच मळ्याच्या तीस-चाळीस वर्षांच्या याद्या शेजारी ठेवल्या की नातवाला आजोबाचं नाव दिलेलं दिसतं. कायद्याने ज्या लग्नाला अस्तित्वच नव्हतं, त्या लग्नातून आलेलं घराणं नावांमधून चालू असतं. हा माझा अंदाज नाही, कागदावरच दिसतं. फक्त लिहिणाऱ्याला ते लिहायचं नव्हतं.

आता ‘चांगल्या मालकांकडे’ वळतो.

दयाळू स्वभावाचे मालक होते का? असतीलच, माणसं सगळीकडे सारखीच. पण मालकाच्या स्वभावाने गुलामाचं आयुष्य ठरत नव्हतं. मालकाचं कर्ज, त्याचा मृत्यू आणि उसाचा किंवा कापसाचा भाव या तीन गोष्टींनी ठरत होतं. अँथनी १८२६ मध्ये वारला. पुढच्या वर्षी वाटणीसाठी सगळ्या गुलामांना एका जागी बोलावलं गेलं. नऊ-दहा वर्षांचा डग्लस त्यात होता. बायका, पुरुष, मुलं, घोडे, मेंढ्या, डुकरं, सगळ्यांची एकाच रांगेत किंमत ठरली, असं तो लिहितो. त्या दिवशी कुणाचा स्वभाव कसा होता याला काही अर्थ उरला नव्हता.

याहून बोलकं उदाहरण मेरीलँडच्याच जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांचं आहे. त्यांच्या मळ्यांवर गुलाम होते, त्यांचा बाप्तिस्मा होत असे, लग्नं चर्चमध्ये लागत. १८३८ मध्ये पाद्र्यांचं जॉर्जटाउनचं कॉलेज कर्जात होतं. त्यांनी २७२ माणसं १ लाख १५ हजार डॉलरना लुइझियानाला विकायचा करार केला. रोममधल्या वरिष्ठांनी अट घातली होती की कुटुंबं तोडू नयेत आणि त्यांना धर्म पाळता यावा. अट कागदावर राहिली. गुलामांच्या आत्म्याची काळजी वाहणाऱ्या संस्थेच्या हातून जर हे घडलं, तर एखाद्या मालकाच्या भलेपणावर किती विसंबायचं? गंमत अशी की (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही) धर्मसंस्था असल्यामुळेच तिचे कागद नीट राहिले. नावानिशी यादी आहे, जहाजाची यादी आहे, आणि आज त्या माणसांचे हजारो वंशज त्या यादीवरून आपली मुळं शोधू शकतात.

१७९० ते १८६० या काळात अमेरिकेच्या जुन्या तंबाखूच्या प्रदेशातून खाली दक्षिणेच्या कापसाच्या प्रदेशात जवळपास दहा लाख गुलाम हलवले गेले. काही मालकाबरोबर गेले, पण बरेचसे व्यापाऱ्यांनी नेले. हा आकडा डोक्यात ठेवला की ‘घरच्यासारखं’ या शब्दाचं काय होतं ते पाहा. घरातलं माणूस बाजारभाव वधारला म्हणून कुणी विकत नाही.

आणखी एक आकडेवारी मला या बाबतीत कुठल्याही आठवणींपेक्षा विश्वासार्ह वाटते. जमैकात सुमारे दहा लाख माणसं आफ्रिकेतून आणून उतरवली गेली, त्यातली काही पुढे दुसरीकडे विकली गेली. १८३४ मध्ये तिथे गुलामगिरी संपली तेव्हा जिवंत गुलाम होते सुमारे तीन लाख दहा हजार. उलट उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर चार लाखांहून कमी माणसं थेट आणली गेली आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामांची संख्या ३९ लाख ५३ हजारांवर होती. याचा अर्थ अमेरिकेतले मालक प्रेमळ आणि जमैकातले क्रूर असा काढायचा मोह होतो. खरं कारण आहे ऊस. ऊस तोडला की लगेच गाळावा लागतो, नाहीतर रस आंबतो. म्हणून हंगामात चरक रात्रंदिवस चालत. चरकात हात सापडला तर तो तोडायला जवळ कोयता ठेवलेला असे. अर्धपोटी, खचलेल्या बायकांना दिवस राहत नसत, राहिलेली मुलं जगत नसत, आणि मालकांनी हिशेब केलेला होता की मूल वाढवण्यापेक्षा नवा माणूस विकत घेणं स्वस्त. सर्वांत जास्त माणसं ब्राझीलने ओढली, ४८ लाखांच्या आसपास, त्याचंही मोठं कारण साखर, नंतर सोनं आणि कॉफी.

तंबाखू, कापूस, भात यांचे मळे वेगळ्या तऱ्हेने छळत, पण तिथे लोकसंख्या वाढत गेली. आणि ती वाढतेय म्हटल्यावर मालकांना तीही कमाई वाटू लागली. तरुण बाईच्या किमतीत तिला पुढे होणारी मुलं धरलेली असत. आई गुलाम असेल तर मूल गुलाम, बाप कुणीही असो, हा व्हर्जिनियाचा १६६२ चा कायदा. ‘बाप कुणीही असो’ हे शब्द मालकांच्या सोयीचे होते हे वेगळं सांगायला नको.

तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला एकाच जाहिरातीत द्यायला आवडतं. पळून गेलेल्या गुलामांना पकडून देण्यासाठी वर्तमानपत्रांत जाहिराती येत. अमेरिकेत आणि कॅरिबियनमध्ये अशा हजारो छापल्या गेल्या. मालकाला माणूस परत हवा असल्यामुळे वर्णन अचूक द्यावं लागे, आणि त्यामुळे मालकच आपल्या हाताने पुरावा देऊन जाई: पाठीवर चाबकाचे वळ, गालावर डाग दिलेला, एक कान कापलेला, तीन भाषा बोलतो, सारंगी बरी वाजवतो, नवरा अमुक मळ्यावर आहे म्हणून तिकडे गेली असावी. हे शेवटचं वाक्य फार वेळा येतं. माणसं स्वातंत्र्याकडे पळत होती तशी बायकोकडे, आईकडेही पळत होती.

१८३५ च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलिनातल्या एडेंटन गावच्या डॉक्टर नॉरकॉम यांनी अशीच जाहिरात दिली. हॅरिएट नावाची २१ वर्षांची मुलगी पळाली आहे, शंभर डॉलर बक्षीस. ती अस्खलित बोलते, शिवणकामात तरबेज आहे, चांगले कपडे घालायची तिला सवय आहे. आणि ती काहीही ज्ञात कारण नसताना, कुणी काही दुखावलेलं नसताना पळाली आहे.

एवढीच जाहिरात उरली असती तर ‘चांगल्या मालकाची कृतघ्न दासी’ म्हणून ती कुणीतरी पुस्तकात घातली असती. पण हॅरिएट जेकब्जला लिहिता येत होतं. १८६१ मध्ये तिने टोपणनावाने आपली कथा छापली. ती पंधराव्या वर्षात आल्यापासून हाच डॉक्टर तिच्या मागे लागला होता, त्याच्या बायकोला ते माहीत होतं, आणि तिच्या मुलांना मळ्यावर कामाला जुंपायची धमकी आल्यावर ती पळाली. दूर मात्र गेली नाही. त्याच गावात आजीच्या घराच्या छपराखाली नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि जास्तीत जास्त तीन फूट उंच अशा पोकळीत ती जवळपास सात वर्षं राहिली. उभं राहता येत नव्हतं. तिने गिरमिटाने भोकं पाडली आणि त्यांतून खाली खेळणारी स्वतःची मुलं बघितली. मुलांना आई वर आहे हे माहीत नव्हतं. डॉक्टर तिला शोधायला न्यूयॉर्कपर्यंत जाऊन आला.

विसाव्या शतकात बराच काळ विद्वान मंडळी हे पुस्तक कादंबरी समजत होती. एवढं नीट लिहिणं गुलाम बाईला जमणारच नाही, संपादक गोऱ्या बाईने लिहिलं असणार, असं सरळ म्हटलं जाई. १९८० च्या दशकात एका संशोधिकेने जेकब्जची हस्तलिखित पत्रं, गावची दफ्तरं आणि ही जाहिरात एकत्र ठेवली आणि नावांची टोपणं उतरवून एकेक प्रसंग तपासला. पुस्तक खरं ठरलं. तेव्हा ‘गुलामांनी लिहून ठेवलं नाही’ या वाक्यात थोडी दुरुस्ती करा. काहींनी लिहिलं, आणि आपण शंभर वर्षं त्यावर विश्वास ठेवला नाही.

जमैकातल्या थॉमस थिसलवुडच्या रोजनिशीबद्दलही लिहायला हवं, जरी ती वाचताना मला आजही मध्येच उठावं लागतं. हा इंग्लंडच्या लिंकनशरचा माणूस १७५० मध्ये मळ्याचा मुकादम म्हणून आला आणि १७८६ मध्ये मरेपर्यंत रोज लिहीत राहिला. पाऊस किती, कोणतं रोप लावलं, कोणतं पुस्तक वाचलं. त्याच शाईने, त्याच आवाजात, कुणाला किती फटके दिले. ऊस खाताना सापडलेल्या डर्बी नावाच्या माणसाच्या तोंडात दुसऱ्या गुलामाला शौच करायला लावल्याचीही नोंद तो भाज्यांच्या नोंदीइतक्याच थंडपणे करतो. गुलाम बायकांशी केलेला संग तो तुटक लॅटिनमध्ये टिपतो. अभ्यासकांनी ती मोजदाद केली तेव्हा १३८ बायका निघाल्या. त्यातल्या किती जणींची तयारी होती असं विचारणंही निरर्थक आहे, नकाराला जिथे फटके होते तिथे होकाराला अर्थ नसतो.

या रोजनिशीत फिबा नावाची स्वयंपाकघराची प्रमुख बाई आहे. तिची मालकी दुसऱ्याची. तीसेक वर्षं ती थिसलवुडबरोबर बायकोसारखी राहिली, त्याच्यापासून तिला मुलगा झाला. ती शिवणकाम करायची, जनावरं पाळायची, विक्री करायची, आणि चक्क थिसलवुडला पैसे उसने द्यायची. १७५७ मध्ये तो दुसऱ्या मळ्यावर नोकरीला गेला तेव्हा मालकिणीने तिला सोबत पाठवायला नकार दिला. फिबाने त्याला आठवण म्हणून अंगठी दिली, मागून खाऊ पाठवत राहिली. आणि या माणसाने त्या दिवसांत लिहिलंय की बिचारीची कीव येते, ती दुःखदायक गुलामीत आहे. डर्बीच्या तोंडाची नोंद करणाराच हा हात.

फिबाचं काय करायचं? तिला पीडित म्हणून मोकळं व्हावं तर तिचे उसने पैसे, तिची गुरं, तिची धूर्त चाल आडवी येते. तिला धोरणी बाई म्हणावं तर ती ज्या पिंजऱ्यात धोरण लढवत होती तो दिसेनासा होतो. मी विद्यार्थ्यांना सांगतो की दोन्ही गोष्टी एकाच पानावर आहेत, तर उत्तरातही एकाच पानावर ठेवा. मृत्युपत्रात थिसलवुडने तिची सुटका विकत घेण्याची तरतूद केली. ती पुरी व्हायला त्याच्या मृत्यूनंतर आणखी काही वर्षं गेली.

जहाजांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण हा भाग लोकांना बऱ्यापैकी माहीत असतो. अटलांटिक पार करणाऱ्या ३६ हजारांहून अधिक फेऱ्यांची नोंद आज जुळवून झाली आहे. त्यावरून सुमारे १ कोटी २५ लाख माणसं चढवली गेली आणि १ कोटी ७ लाख उतरली असा अंदाज निघतो. मधले १८ लाख समुद्रात. ‘ब्रुक्स’ जहाजाचा तो प्रसिद्ध नकाशा तुम्ही पाहिला असेल, खचाखच भरलेल्या काळ्या आकृत्यांचा. १७८८ च्या कायद्याने त्यावर ४५४ माणसांना परवानगी होती, आणि त्याआधीच्या एका फेरीत त्यानेच ६०९ नेली होती. गुलामगिरीविरोधकांनीच छापलेल्या त्या चित्रातसुद्धा कुणाला चेहरा नाही. १७८१ मध्ये ‘झाँग’ जहाजावरून १३० हून अधिक जिवंत माणसं समुद्रात फेकली गेली. खटला झाला तो खुनाचा नाही, विम्याचा. माणशी ३० पौंड मागणारे मालक आणि ते न देणारे विमेवाले यांच्यातला. घोडे फेकण्यासारखंच हे प्रकरण आहे, असं न्यायाधीश मॅन्सफील्ड म्हणाले. पण दोन धनिक पैशांसाठी भांडले म्हणूनच साक्षी नोंदल्या गेल्या, आणि त्यांतून कळलं की पाणी संपल्याचं निमित्त सांगितलं जात असताना मध्येच पाऊस पडला होता, त्यानंतरही माणसं फेकली गेली, आणि एक जण दोर पकडून परत जहाजावर चढला होता.

आता थेट साक्षींबद्दल. त्यांच्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवायचा नसतो. १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकन सरकारच्या एका योजनेत पूर्वी गुलाम असलेल्या दोन हजारांहून अधिक म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. ‘मालक फार चांगला होता’ ही वाक्यं बरीचशी तिथूनच येतात. चार्ल्सटनच्या सुझन हॅमिल्टन या म्हाताऱ्या बाईंची मुलाखत दोनदा घेतली गेली. एक मुलाखत एका गोऱ्या बाईने घेतली. सुझनबाईंना वाटलं ही मदत वाटणाऱ्या सरकारी कचेरीतून आलीय. मालक भला, चाबूक क्वचित, असं त्यांनी सांगितलं. दुसरी एका कृष्णवर्णीय तरुणाने घेतली. त्याला त्यांनी फटके सांगितले, विकून टाकलेली मुलं सांगितली, रात्रभर चाललेला आयांचा आक्रोश सांगितला. मंदीचे दिवस, पोट सरकारी मदतीवर, आणि समोर बसलेल्या माणसांचे नातेवाईक कदाचित जुने मालक. तुम्ही काय सांगितलं असतं?

उलटी अडचणही असते. ओलाउदा इक्वियानो या पूर्वी गुलाम असलेल्या माणसाने १७८९ मध्ये आफ्रिकेतून झालेल्या आपल्या अपहरणाचं आणि जहाजावरच्या दुर्गंधीचं वर्णन छापलं. पण त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आणि आरमाराच्या एका यादीत जन्मस्थान कॅरोलिना लिहिलेलं आहे. वाद अजून चालू आहे. माझं मत विचाराल तर त्या दोन नोंदी त्याने स्वतः सांगून झाल्या की दुसऱ्या कुणी लिहून टाकल्या, यावर सगळं अवलंबून आहे, आणि जहाजाचं त्याचं वर्णन इतर साक्षींशी तंतोतंत जुळतं.

ब्राझीलमध्ये एक कागद आहे जो मला सर्वांत मौल्यवान वाटतो. पियाउई प्रांतातल्या एस्पेरांसा गार्सिया नावाच्या गुलाम बाईने ६ सप्टेंबर १७७० रोजी थेट गव्हर्नरला अर्ज लिहिला. नवऱ्यापासून तोडून तिला दुसऱ्या मळ्यावर नेलं होतं. लहान मुलाला इतकं मारतात की तोंडातून रक्त येतं, आपल्यालाही मारतात, मैत्रिणींना आणि आपल्याला तीन वर्षं पापनिवेदन करता आलेलं नाही, मुलाचा बाप्तिस्मा राहिलाय, मला घरी पाठवा. अर्जाची बांधणी बघा. मारहाणीवर गव्हर्नर हलणार नाही हे तिला ठाऊक आहे, म्हणून ती धर्म पुढे करते. त्याच देशात १८८८ मध्ये गुलामगिरी संपल्यावर अर्थमंत्री रुई बार्बोझा यांनी १८९० मध्ये गुलामांच्या मालकीचे कागद जाळण्याचा हुकूम काढला. भरपाई मागायला मालकांकडे पुरावाच उरू नये हा त्यामागचा एक हेतू मानला जातो. वंशजांच्या हातचंही बरंच काही त्यात गेलं.

कागद नसेल तिथे कधी जमीन बोलते. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये सरकारी इमारतीचा पाया खणताना अठराव्या शतकातली आफ्रिकनांची दफनभूमी लागली आणि ४१९ जणांचे अवशेष बाहेर आले. त्यात मुलं पुष्कळ. मोठ्यांच्या हाडांवर स्नायू जिथे जोडलेले असतात तिथे अतिश्रमाने फाटल्याच्या खुणा. एका स्त्रीचे दात आफ्रिकन पद्धतीने घासून घडवलेले, आणि कमरेभोवती शंभरहून अधिक मण्यांची माळ. कुणीतरी ती माळ विकली नव्हती, तिच्याबरोबर पुरली होती.

हे सगळं अटलांटिकचं झालं, पण मराठी वाचकाने हिंदी महासागराकडे पाठ फिरवू नये. डच कंपनीने केप ऑफ गुड होप इथे १६५२ नंतर जी गुलामांची वस्ती वाढवली, तिथे आणलेल्या सुमारे ६३ हजार माणसांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतातून गेला. नावं बघा: अँजेला व्हान बंगाल, अमुक व्हान मलबार, तमुक व्हान कोरोमांडेल. खरं नाव पुसून गावाचं ठिगळ. त्यातली अँजेला १६६६ मध्ये मुक्त झाली, तीन वर्षांनी एका युरोपीय माणसाशी लग्न केलं, आणि दक्षिण आफ्रिकेतली कितीतरी गोरी घराणी आज तिच्यापर्यंत पोचतात. केपच्या न्यायालयात गुलामांच्या जबान्या होत, एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. बोलणारा मलय किंवा मोडक्या पोर्तुगीजमध्ये बोललेला, कारकुनाने डचमध्ये उतरवलेलं, आणि तरी मध्येच एखादं वाक्य कारकुनाच्या हातून निसटून जसंच्या तसं आलेलं.

आपल्याकडच्या दफ्तरांत ‘कुणबीण’ आणि ‘बटीक’ (दोन्हींचा अर्थ गुलाम बाई) हे शब्द ज्याने मोडी वाचली त्याला नवे नाहीत. पेशवाईत कुणबिणी विकत घेतल्या जात, नजर केल्या जात, बदकर्माच्या आरोपावरून बायकांना सरकारी कुणबिणी केलं जाई, त्या वाड्यावर, कोठीवर, पागेत दळणकांडणापासून सगळी कामं करत. आणि ‘म्हातारी झाली, काम होत नाही, सोडून द्यावी’ असे कागदही आहेत. अमेरिकेतल्या यादीच्या तळाचं ते शून्य आठवतं ना? उसाच्या मळ्याशी याची सरसकट बरोबरी करू नये, प्रमाण आणि व्यवस्था दोन्ही वेगळी होती. पण आमच्याकडे असलं काही नव्हतंच असं म्हणणाऱ्याने एकदा दफ्तरखान्यात जाऊन बसावं. कंपनी सरकारनेही १८४३ च्या पाचव्या कायद्याने एवढंच केलं की गुलामावरचा हक्क कोर्टात मानायचा नाही. गुलाम ठेवणं हा गुन्हा ठरायला पीनल कोडची वाट पाहावी लागली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर इंग्रज आरमाराने सोडवलेली मुलं नाशिकजवळ शरणपूरला मिशनऱ्यांच्या आश्रमात वाढली. त्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेचा शोधप्रवासी लिव्हिंगस्टन याच्या शेवटच्या सफरीत होता, त्याने रोजनिशी ठेवली, आणि १८७४ मध्ये लंडनला लिव्हिंगस्टनच्या शवपेटीसोबत गेला.

मुक्तीबद्दल एकच सांगतो. ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये भरपाई म्हणून दोन कोटी पौंड मंजूर केले, ते मालकांना. गुलामांना मिळाली आणखी काही वर्षं ‘उमेदवारी’च्या नावाने बिनपगारी कामं. अमेरिकेतल्या मुक्त माणसांनाही हाती काही पडलं नाही. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या शिरगणतीत नावं जवळपास नाहीतच, मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि रंग एवढंच. बहुतेकांचं नाव सरकारी शिरगणतीत प्रथम येतं ते १८७० मध्ये. आजही वंशावळ शोधणारे तिथपर्यंत येऊन भिंतीला थडकतात.

ही भिंत त्या लोकांनाही जाणवत होती, आणि म्हणून त्यांनी स्वतः कागद तयार करायला घेतले. न्यू ऑर्लिन्सच्या एका चर्चच्या वर्तमानपत्रात १८७९ पासून ‘हरवलेले सोबती’ या अर्थाचं सदर येऊ लागलं. पन्नास सेंट भरून कुणीही शोधपत्र छापून घ्यावं, आणि पाद्र्यांनी ते रविवारी देवळात मोठ्याने वाचून दाखवावं. मजकुराचा साचा ठरलेला: माझ्या आईचं नाव अमुक, आम्ही तमक्याच्या मालकीचे, त्याने आम्हाला फलाण्याला विकलं, तिथून मला अमक्या व्यापाऱ्याने नेलं, तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते, आईचं पुढे काय झालं कळलं नाही. मालकांची नावं क्रमाने, चुकता नाहीत. माणूस शोधायचं तर तो कुणाच्या वहीतून कुणाच्या वहीत गेला हे पाठ असावं लागतं, आणि चाळीस-चाळीस वर्षं ही माणसं ते पाठ ठेवून होती. आईला भेटल्याचे दाखले मोजकेच आहेत. जाहिराती मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत येत राहिल्या.